डावीकडचं वळण

आमच्या लग्नात माझ्या नवऱ्याला झोपाळ्यावर चक्कर आली. तुम्हाला हे खोटं वाटेल, पण माझ्याकडे फोटो आहे. इकडच्या तमिळ चालीप्रमाणे लग्न लागायच्या आधी नवरानवरीला फुलांनी सजवलेल्या झोपाळ्यावर बसवतात. बायका गाणी म्हणत हलका झोका देतात, दूध-केळं भरवतात, रंगीत भाताचे गोळे ओवाळून चारी दिशांना टाकतात. त्याला ऊंजल म्हणतात. आमच्या ऊंजलला दुसरं गाणं सुरू झालं नाही तोच शामसुंदररावांनी साखळी घट्ट धरली, डोळे मिटले आणि झोपाळा थांबवायला सांगितलं. फोटोवाल्याने नेमकं तेव्हाच बटण दाबलं. माझ्या आईला वाटलं, मुलाला काही दुखणं आहे आणि ते आपल्यापासून लपवलं. सुब्बलक्ष्मी अक्का, म्हणजे माझी थोरली नणंद, कुठून तरी लिंबू घेऊन आली, भावाच्या नाकाशी धरलं आणि मग जी हसत सुटली ती आजपर्यंत थांबलेली नाही.

कानाच्या डॉक्टरांना दाखवून झालं. ते म्हणाले, काही दोष नाही, काही माणसं अशीच असतात. त्यामुळे आम्ही कधी घाट चढून कोडैकानलला गेलो नाही. जवळच्या तिरुप्पनंदाळच्या बसमध्येही यांना पहिल्या बाकावर बसून समोरच्या रस्त्याकडे बघत राहावं लागतं. एरवी माणूस सोन्यासारखा आहे. कुंभकोणममध्ये आमचं पितळेच्या भांड्यांचं दुकान आहे, तिथे समया, कॉफीचे फिल्टर आणि घंटा यांच्या गराड्यात ते दिवसभर खुशाल बसतात.

आणि अशा माणसाच्या घरात मी रोलर कोस्टर बांधते.

खरे नव्हेत, कॉम्प्युटरवरचे. त्याचं एक सॉफ्टवेअर असतं. त्यात मोकळी जमीन मिळते, तिच्यावर खांब रोवायचे, रूळ टाकायचे, चढ-उतार, वळणं, कुठे रूळ किती कलता ठेवायचा, सगळं आपण ठरवायचं. मग गाडी सोडायची. गाडी चढावर थांबली किंवा वळणावर उडून गेली तर चूक आपली. सगळं ठीक झालं की फाटक उघडायचं, म्हणजे त्या सॉफ्टवेअरमधली छोटी छोटी माणसं रांग लावतात आणि बसून बघतात. त्यांना मजा किती आली, भीती किती वाटली आणि मळमळलं किती, याचे आकडे खाली उमटतात. मळमळ फार झाली तर माणसं बाहेर पडून फुलझाडांच्या वाफ्यात ओकतात. माझ्या बागेत सफाईवाले जरा जास्तच ठेवावे लागतात.

मी पाटबंधारे खात्यात ट्रेसर होते. साहेबांनी पेन्सिलीने काढलेले कालव्यांचे, दरवाज्यांचे नकाशे शाईने दुसऱ्या कागदावर उतरवायचे, हे माझं काम. वळण काढताना हात थरथरला तर आख्खा कागद फुकट जायचा. माझा हात थरथरत नसे. पुढे कचेरीत कॉम्प्युटर आले आणि आम्हा ट्रेसर बायकांना या टेबलावरच्या फायली त्या टेबलावर नेण्याचं काम मिळालं. ते मला सोसलं नाही, मी मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि घरी बसून सगळ्यांवर चिडत राहिले. मुलगी मधुमिता चेन्नईला नोकरीला लागली तेव्हा तिचा जुना कॉम्प्युटर घरी राहिला आणि त्यात ते सॉफ्टवेअर राहिलं. ज्या यंत्राने माझं काम खाल्लं त्याच्याकडूनच मी ते परत घेतलं, असं मी म्हणते. शामसुंदरराव म्हणतात की तेव्हापासून घरात भांड्यांचा आवाज कमी झाला.

खऱ्या रोलर कोस्टरमध्ये मी एकदाच बसले आहे. मधुमिताने आम्हा दोघांना चेन्नईजवळच्या एका मोठ्या बागेत नेलं होतं. ती आणि मी वर गेलो, हे खाली थांबले. शिखरावर गाडी क्षणभर अडखळली तेव्हा एका बाजूला समुद्राची रेघ दिसली, दुसऱ्या बाजूला सुरूची झाडं, आणि सगळ्याच्या खाली वर तोंड करून उभा असलेला माझा नवरा, दोन्ही काखांत पिशव्या, हातात आमच्या चपला. मला त्या वेळी इतका आनंद झाला की काय सांगू. पन्नाशी ओलांडलेली बाई, पण मला ओरडावंसं वाटलं. खाली आल्यावर यांनी आमच्या तंजावरी मराठीत विचारलं, "काय दिसलें गे वरून?" आणि मी म्हणाले, "सगळें दिसलें." दुसरं काही सुचलंच नाही. परतीच्या गाडीत मी खिडकीकडे तोंड करून बसले. आयुष्यातली एक फार चांगली गोष्ट मला मिळाली होती आणि ज्याच्याबरोबर मी सगळं वाटून खाल्लं त्याला तिचा घासही देता येत नव्हता. मला त्याचं वाईट वाटलं, आणि ते वाटणं नंतरही गेलं नाही.

तेव्हापासून माझ्या मनात एकच होतं. एकदा, एकदाच, या माणसाने माझ्या शेजारी बसून माझी एक फेरी शेवटपर्यंत करायची. खरी नाही तर नाही, टीव्हीवरची चालेल. मधुमिताने कॉम्प्युटर टीव्हीला जोडून दिला आहे, त्यामुळे पहिल्या डब्यात बसल्यासारखं सगळं समोर मोठं दिसतं. यांनी प्रयत्न केले नाहीत असं नाही. वेताच्या आरामखुर्चीत बसायचे, खुर्चीचे हात धरायचे आणि तिसऱ्या-चौथ्या वळणाला म्हणायचे, "पुरे गे गोमती, डोस्कें फिरतें." मग उठून मागच्या अंगणात जाऊन उभे राहायचे.

यंदा यांची साठीशांत आली. इकडे साठीला नवराबायकोचं पुन्हा लग्नच लावतात, कलशांचं पाणी डोक्यावर ओततात, मंगळसूत्र नव्याने बांधतात. मधुमिता आणि अक्का यांनी फोनवर सगळं ठरवलं, दारासुरमच्या विणकराकडे माझी साडी मागाला लावली, आणि अक्काने जाहीर केलं की ऊंजल होणार. मागच्या वेळी अर्धी राहिलेली गाणी तिला पुरी करायची होती. हे दोन दिवस दुकानातून उशिरा परतले. तिसऱ्या दिवशी कॉफीच्या वेळी माझ्याकडे आले आणि म्हणाले की अक्काला तू सांग, मला जमणार नाही, ती तुझं ऐकते.

अक्का कुणाचंही ऐकत नाही. पण मी संधी सोडणाऱ्यातली नव्हे. मी म्हणाले, सांगते, ऊंजल मी रद्द करवते, पण त्याआधी माझी एक फेरी तुम्ही शेवटपर्यंत बसून बघायची. मधे उठलात तर झोपाळा. त्यांनी कॉफीचा पेला डबऱ्यातून, म्हणजे खालच्या पसरट वाटीतून, उचलला, परत ठेवला, आणि शरि, म्हणजे बरं, म्हणाले. आमच्या घरात शरि म्हटलं की ठरलं.

मी मुद्दाम सोपी फेरी बांधायला घेतली. मधोमध एक तळं घेतलं, आमच्या गावातल्या महामहमच्या तळ्यासारखं, काठाने छोटे छोटे मंडप. काठावर एक शिवाचं देऊळ केलं. त्या सॉफ्टवेअरमध्ये गोपुर तयार मिळत नाही, परीकथेतले मनोरे मिळतात, ते मला नको होते. ठोकळ्यावर ठोकळा रचून मी गोपुर उभं केलं, समोर नंदी केला, आत दिवा लावला. बाजूला नारळीची झाडं, मागे कावेरी, आणि एका गल्लीत आमचं दुकान, हिरव्या छपरीसकट. शिखरावरून हे सगळं दिसलं पाहिजे असा माझा बेत होता. मग तळ्याभोवती रूळ टाकला.

पहिल्याच दिवशी हे तिसऱ्या वळणाला उठले. मी चढ कमी केला. चौथ्या वळणाला उठले. मी वेग कमी केला. तरी उठले. मी त्यांना म्हणाले, मनात आणलं तर बसाल, तुम्हाला बसायचंच नाही. ते म्हणाले की मनात आहे, पोटात नाही. दुसऱ्या दिवशी मी सॉफ्टवेअरमधल्या माणसांसाठी फाटक उघडलं, तर तीही मळमळीचा आकडा बघून दारातून परतू लागली. उतार इतका सौम्य की शाळेतली घसरगुंडी बरी, आणि तरी मळमळ. इंटरनेटवर आमच्यासारख्या छंदिष्टांचा एक गट आहे, तिथे विचारलं. कुणी फिनलंडहून सांगितलं खांब बुटके करा, कुणी ब्राझीलहून सांगितलं गाडी बदला. सगळे उंटावरून शेळ्या हाकणारे. मी खांब बुटके केले, गाडी बदलली, आकडा जागचा हलेना. समारंभ जवळ येत चालला होता. अक्काने गाण्यांची तालीम सुरू केली होती आणि फोनवर मला ऐकवत होती.

समारंभाला पाहुणे येणार म्हणून मी घर धुवायला काढलं. वेताच्या खुर्चीच्या हातांवर मी शिवलेल्या कापडी खोळी आहेत, त्या काढल्या. उजवी खोळ नव्यासारखी होती. डावी इतकी झिजली होती की बोट आरपार गेलं. मी दोन्ही हातांत धरून बघत राहिले. कॉफी तर ते उजव्या हाताने पितात, पेपर दोन्ही हातांनी धरतात. डाव्या हाताने खुर्ची आवळतात ती फक्त माझी फेरी बघताना.

मी खोळी तशाच टाकल्या, त्या खुर्चीत बसले आणि माझीच फेरी लावली. कामाच्या जागी मी स्टुलावर बसते आणि रुळाकडे बघते, बसणाऱ्याच्या नजरेने कधी बघितलं नव्हतं. पहिलं वळण उजवीकडे, मी डावीकडे रेलले. दुसरं उजवीकडे. तिसरं उजवीकडे. चौथ्याला माझंही डोकं गरगरलं. मी जुन्या फेऱ्या उघडल्या, एकामागून एक. डोंगरातली, समुद्रकाठची, जंगलातली. सगळीकडे मधोमध काहीतरी होतं, तळं, टेकडी, मनोरा, वडाचं झाड, आणि सगळीकडे माझा रूळ त्याला उजव्या अंगाला ठेवून फिरत होता. इतक्या वर्षांत मी डावीकडे एकही मोठं वळण काढलं नव्हतं. मी रोलर कोस्टर बांधत नव्हतेच, प्रदक्षिणा घालत होते. भोवऱ्यासारखं एकाच बाजूला फिरवलं तर कुणाला चक्कर येणार नाही?

याला कारण आहे. माझं माहेर रथाच्या रस्त्यावर, अगदी कोपऱ्यावर. दरवर्षी देवाचा रथ आमच्या ओट्यासमोर यायचा, माणसं दोरखंड ओढायची, चाकाखाली लाकडी पाचरी सरकवून त्या अवजड रथाला वळवायची, आणि तो कुरकुरत उजवीकडे वळायचा. वळण म्हणजे काय ते मी तिथे शिकले. रथ डावीकडे वळलेला मी जन्मात बघितला नाही.

चूक सापडली म्हणजे अर्धं काम झालं असं वाटून मी लगेच डावं वळण काढायला बसले. तळ्याच्या दुसऱ्या अंगाने रूळ न्यायचा, बस्स. माउस हातात घेतला आणि हात पुढे जाईना. समोर देऊळ होतं, दिवा मीच लावलेला होता, आणि मी त्याला डावं घालून उलटी फेरी काढणार होते. मला माहीत आहे, तो दिवा म्हणजे पडद्यावरचे चार पिवळे ठिपके. मला कुणी हसलं तर मीही त्यांच्याबरोबर हसेन. पण ज्या हाताने शाईची रेघ कधी हलवली नाही त्याने त्या दिवशी माउस बाजूला सारला. देऊळ पुसून टाकणं हा सोपा उपाय होता. तोही मला करवेना, बांधलेलं देऊळ कोण पाडतं. मी कॉम्प्युटर बंद केला आणि भाजीत मीठ जास्त टाकलं. यांनी नुसतं ताक जास्त घेतलं.

त्याच आठवड्यात प्रदोष आला. आमच्या रस्त्याच्या टोकाला शिवाचं देऊळ आहे, प्रदोषाला आम्ही दोघं संध्याकाळी तिथे जातो. नंदीला अभिषेक झाला, आरती झाली आणि गर्दी फेरीला निघाली. एरवी इकडे शंकरालाही पुरी प्रदक्षिणा घालतात, पण प्रदोषाच्या फेरीची रीत वेगळी. नंदीपासून निघून आधी देवाला डावं घालून, म्हणजे उलट्या बाजूने, चंडिकेश्वराच्या छोट्या देवळीपर्यंत जायचं, तिथून मागे फिरायचं. मग देवाला उजवं घालून अभिषेकाच्या पाण्याच्या पन्हळीपर्यंत जायचं, ती ओलांडायची नाही, पुन्हा मागे फिरायचं. असं जात-येत राहायचं. मी लहानपणापासून करते आहे, त्यामुळे पाय आपोआप जातात.

हे माझ्या पुढे चालत होते. बसमध्ये ज्याचं डोकं फिरतं तो हा माणूस त्या गर्दीत डावीकडे गेला, मागे वळला, उजवीकडे गेला, परत मागे वळला, आणि तोंडाने नाव घेत ताठ चालत राहिला. मी त्यांच्या पाठीकडे बघता बघता जागीच थांबले. मागची बाई माझ्यावर आदळली आणि तमिळमध्ये चार शब्द बोलली, ते मला लागूच होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हे. डावीकडे जायला देवाची कधीच ना नव्हती, फक्त पुरी उलटी फेरी घालायची नाही, एवढंच. मी हसायला लागले. यांनी वळून विचारलं की काय झालं. मी म्हणाले, काही नाही, घरी चला, मला काम आहे. प्रसादाचा द्रोण त्यांनी चालता चालता संपवला.

मी सगळा रूळ उखडला आणि नव्याने टाकला. गाडी नंदीपासून निघते, तळं डाव्या हाताला ठेवून जाते, एक छोटा वळसा घेऊन परत येते, मग तळं उजव्या हाताला ठेवून जाते, तळ्याचं जास्तीचं पाणी बाहेर जायचा जो कालवा आहे त्याच्या अलीकडे थांबल्यासारखी होते आणि पुन्हा फिरते. कालवा मी कचेरीत काढायचे तसा काढला, दरवाज्यासकट, आणि रूळ त्याच्यावरून कुठेही नेला नाही. प्रत्येक उजव्या वळणाला एक डावं मिळालं. चढ मी पुन्हा उंच केला, कारण शिखरावरून गाव दिसायला हवं होतं, आणि एक उतार ठेवला, खराखुरा. उतार नसेल तर मग ती बैलगाडी झाली. फाटक उघडलं, माणसं बसली, उतरली आणि वाफे कोरडे राहिले. मजेचा आकडा आधीपेक्षा घसरला होता. गटात दाखवली तेव्हा फिनलंडवाल्याने लिहिलं की फेरी जरा शांत वाटते. शांतच हवी होती मला.

समारंभाच्या आदल्या दिवशी दुपारी हे दुकान बंद करून जेवायला आले. म्हणाले, जेवणाआधीच होऊन जाऊ दे. देवासमोरून एक लिंबू उचललं, खुर्चीत बसले आणि लिंबू मुठीत धरलं. मधुमिता चेन्नईहून आली होती, तिला मी स्वयंपाकघरात पिटाळलं. मी स्टूल ओढून खुर्चीला खेटून बसले आणि गाडी सोडली.

पहिल्या डाव्या वळणाला ते उजवीकडे रेलले आणि उजव्या खोळीवर पहिल्यांदा त्यांची बोटं आवळलेली मी बघितली. मग वळसा, मग उजवीकडे. मी पडद्याकडे बघतच नव्हते. तिसरं वळण आलं, चौथं आलं, त्यांचं तोंड उघडलं. पण 'पुरे गे' आलं नाही, तोंड तसंच उघडं राहिलं. गाडी नंदीपाशी परत आली तेव्हा त्यांनी दोन्ही हात मांडीवर घेतले.

मग चढ लागला. साखळीचा टकटक आवाज मी मुद्दाम ठेवला आहे. गाडी हळूहळू वर गेली, आधी मंडप खाली गेले, मग नारळी, मग गोपुराचा कळस. शिखरावर ती क्षणभर अडखळली, आणि आमचं गाव समोर पसरलं. कावेरी, रस्ते, देवळं, तळ्याचं हिरवट पाणी. ते पुढे वाकले. गल्लीतली हिरवी छपरी त्यांनी शोधून काढली, मी दाखवावी लागली नाही. दुकानाच्या दारात मी एक माणूस ठेवला होता. त्या सॉफ्टवेअरमध्ये माणसांच्या हातात फुगे किंवा आइस्क्रीम देता येतं, पिशव्या मिळत नाहीत. म्हणून तो दोन्ही हातांत फुगे धरून वर बघत उभा होता.

गाडी खाली सुटली. लिंबू त्यांच्या हातातून पडलं आणि खुर्चीखाली घरंगळलं. मी डोळे गच्च मिटून घेतले, काय होतंय ते मला बघवेना. उघडले तेव्हा गाडी फलाटावर उभी होती आणि हे खुर्चीतच होते. पदराने चेहरा पुसायला मला लाज वाटली म्हणून मी हातानेच पुसला.

ते माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "त्या दिवशीं वरून हें असें दिसलें होतें की तुज?"

मी म्हणाले, "हें असेंच. फुगे नव्हते. पिशव्या होत्या."

"मी दिसलों होतों?"

"तुम्हीच दिसलां होतां. म्हणून तर बोलायला येईना."

त्यांनी मान हलवली. मग वाकून खुर्चीखालचं लिंबू शोधलं, खिशात टाकलं आणि जेवायला चला म्हणाले. त्या दिवशी त्यांनी भात दोनदा वाढून घेतला. मी भांडी घासताना गात होते असं मधुमिताने नंतर मला सांगितलं, मला आठवत नाही.

शब्द दिला होता, म्हणून मी अक्काला गाठलं आणि सांगितलं की ऊंजल रद्द. अक्का भडकली. गाणी पाठ केली, भाताचे गोळे रंगवायला घातले, झोपाळ्याला फुलांच्या माळा बांधल्या, आता रद्द म्हणजे काय. आमची तणतण ओसरीवर चालू असताना हे आतून आले. अक्काला म्हणाले, "राहूं दे झोपाळा. तो पुढें जातो नि आल्या वाटेनें मागें येतो. पुरी फेरी कोठें घालतो?" अक्काला यातलं काही कळलं नाही. तिने माझ्याकडे बघितलं, मी जमिनीकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी कलशांचं पाणी डोक्यावर घेऊन, नवं मंगळसूत्र बांधून घेऊन झालं, आणि आम्ही झोपाळ्यावर बसलो. लग्नाआधीचा विधी लग्नानंतर झाला, पण अक्कापुढे कोण बोलणार. दारासुरमची साडी जड होती आणि मला घाम फुटला होता. अक्काने सवयीने लिंबू आणलंच. यांनी ते तिच्या हातातून घेतलं आणि माझ्या हातात दिलं. मग बायकांना म्हणाले, जोरात द्या.

पहिलं गाणं झालं, दुसरं झालं, अक्काची सगळी गाणी झाली. मधुमिताने मोबाइलवर फोटो काढला आहे. जुन्या फोटोच्या शेजारी मी तो भिंतीवर लावला. यात यांचे डोळे सताड उघडे आहेत आणि ते समोर कुठेतरी लांब बघत आहेत. मिटलेले डोळे माझे आहेत.